अंड्यांत रुळलेला ताप

माझ्या नावाचा एक ताप होता. ते नाव मी दिलेलं नव्हतं, आमच्या घरमालकांनी दिलं होतं. सकाळी ओसरीवर उभं राहून ते आत आक्कांना मोठ्यानं सांगत, "आज बाई फारशा वाढल्या नाहीत," आणि रस्त्यानं जाणारा माणूस थबकून माझ्या खिडकीकडे बघे. वाढल्या नाहीत म्हणजे अंड्यात वाढल्या नाहीत, हे त्या बिचाऱ्याला कोण समजावणार? मी तेव्हा पंचविशीची, पनवेलच्या मुलींच्या शाळेत नव्यानं लागलेली, लग्नाची होते. असल्या वाक्यांनी माझी किती स्थळं दारातून परत गेली, देव जाणे.

घरमालक म्हणजे साठीकडे झुकलेला, काटकुळा माणूस. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का. पुढची खोली माझ्याकडे भाड्यानं, मधलं घर आणि स्वयंपाकघर आक्कांचं, आणि मागची परसाकडची खोली अंड्यांची. गल्लीत त्यांना सगळे अंडेशास्त्री म्हणत. तोंडावर नाही; पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं मनातून आवडतही होतं. शास्त्री म्हणतात ना, मग झालं तर.

गंमत अशी की या माणसानं जन्मात अंडं चाखलेलं नव्हतं. घर कर्मठ. अंडी परसदारानं यायची, परसदारानंच जायची, आणि त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्यानं विहिरीवर हातपाय धुतल्याशिवाय मधल्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा आक्कांचा कायदा. घरमालक तो निमूटपणे पाळत. "आक्काचं सोवळं आणि माझं सोवळं एकच आहे," ते म्हणत. "तीही हात धुते, मीही धुतो. ती देवाला भिते, मी जंतूला."

तरुणपणापासून ते मुंबईला एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथं फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं.

"हसू नका बाई," ते म्हणाले. "या प्राण्याला स्वतःचं घर नाही, चूल नाही. पोटात फक्त स्वतःला घडवायची कृती बाळगून हिंडतो. जिवंत पेशीत शिरतो, तिच्याच माणसांना कामाला लावतो आणि आपल्या हजारो नकला काढून घेतो. त्याला वाढवायचं तर जिवंत काहीतरी हवं. पिलू धरलेलं अंडं त्याला पुरतं."

"आणि नकला बरोबर निघतात?"

हा प्रश्न विचारला आणि माझी संध्याकाळ गेली. ते उठून उभेच राहिले. "अहो, फार चुकतो! तुमच्या वर्गातल्या मुली परवडल्या. बहुतेक चुका अशा की ती नक्कल पुढं जगतच नाही. पण एखादी चूक अशी पडते की नव्या घरात तिचंच बस्तान जास्त चांगलं बसतं. मग तिचीच प्रजा वाढते आणि मूळचा कुठल्या कुठं जातो. आपण चुकलो तर नोकरी जाते, हा चुकला की राज्य मिळवतो."

नोकरी त्यांची या चुकांपायीच गेली होती. वर्षानुवर्षं अंड्यांतून फिरवलेला विषाणू मूळचा राहत नाही, बाटलीवरची चिठ्ठी जुनी आणि आतला इसम नवा, असं ते साहेबांना उठताबसता सांगायला लागले. साहेब म्हणाले, तुमचं काम अंडी तपासायचं, तेवढं करा. यांनी राजीनामा दिला आणि पनवेलच्या घरी निघून आले. साहेबांवरचा राग मात्र त्यांनी आपल्या पद्धतीनं काढला. परसात एक तांबडा, तुरेबाज कोंबडा पाळला आणि त्याचं नाव ठेवलं रावसाहेब. तपासणीला कोंबड्याचं थोडं रक्त लागे. ते काढताना घरमालक म्हणत, "रावसाहेब, क्षमा असावी." पण सुई टोचताना त्यांचा चेहरा क्षमा मागणाऱ्याचा नसे.

मागच्या खोलीत दुधादुभत्याचं जुनं जाळीचं कपाट गोधड्यांनी मढवलेलं होतं आणि त्याच्या खाली कंदील. तीच त्यांची उबवणी. कुणी दार आपटलं की आतून आवाज यायचा, "हळू! आत बाळं आहेत!" अंडी वेळच्या वेळी फिरवावी लागत, म्हणून चुलतभावांच्या घरचं एकही लग्न त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणी रागावलं तर म्हणत, "नवरदेवाला मी नसलो तरी चालतं. यांना नाही चालत."

पत्र्याच्या डब्याला भोक पाडून त्यात दिवा ठेवायचा आणि त्या भोकावर अंडं धरून आतलं पाहायचं, हे त्यांचं जन्माचं काम. त्याची सवय अशी जडली होती की हातात येईल ते उजेडाला धरत. बटाटा, हापूस, पोस्टाचं पाकीट, काहीही. एकदा मला सांगून आलेल्या मुलाचा फोटो आईनं पाठवला होता. आक्कांनी तो कौतुकानं त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. "काही दिसत नाही," म्हणाले. ते स्थळ मी नाकारलं. पुढं कळलं की बरं केलं.

अंडी यायची गव्हाणहून. हिराबाई नावाची एक आगरी बाई डोक्यावर टोपली घेऊन बाजाराच्या दिवशी येई. धिप्पाड, मोठ्या आवाजाची, आणि अंडेशास्त्र्यांवर भलतीच माया असलेली. यांना नुसती अंडी चालत नसत, कोंबडा फिरलेली हवी असत. आणि ती चौकशी हा गृहस्थ भर रस्त्यात करायचा.

"हिराबाई, कोंबडा बरोबर होता ना?"

"व्हता ना भाऊ. आता मी काय साक्षीला उभी व्हते?"

गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावत. घरमालकांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. ते गंभीरपणे एकेक अंडं टोपलीतून उचलत आणि उन्हाला धरत.

दुसरी वस्तू त्यांना लागे ती म्हणजे गुळणी. कुणाला तापसर्दी झाली असं कानावर आलं की डॉक्टरांच्या आधी हे हजर. हातात झाकणाचा काचेचा पेला. "जरा गुळणी करून यात टाकता का?" असं इतक्या अदबीनं विचारत की माणूस नाही म्हणायला विसरत असे. पण सगळ्या तापांना ते फ्लू म्हणू देत नसत. "फ्लू म्हणजे काय रस्त्यात पडलाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या पेल्यानं माझी नोकरी जायची वेळ आणली होती. शाळेत दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे इन्स्पेक्टर, तपासणीला आले होते, आणि मी नेमका डबा घरी विसरले होते. घरमालक डबा घेऊन वर्गाच्या दाराशी आले, तेवढ्यात दिपोटींना शिंक आली. मग दुसरी. मी डोळ्यांनी विनवत होते, जा हो, जा. पण त्यांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. पेला ते खिशातच बाळगत. मुली, मुख्याध्यापिका, दिपोटी, सगळ्यांसमोर ते पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, आपल्या घशातलं थोडं मिळेल का?"

दिपोटींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हे आमचे घरमालक." याहून जास्त काय सांगणार? सुदैवानं दिपोटी विनोदी निघाले. त्यांनी गुळणी दिली. ती अंड्यात टोचून झाली, आणि त्यात काहीही उगवलं नाही. "साधं पडसं," घरमालक मला चार दिवसांनी निराश होऊन म्हणाले. "सरकारी माणूस, त्याच्याकडे काय असणार?"

हे सगळं ऐकून ते वेडे होते असं वाटेल. मलाही पहिले काही महिने तसंच वाटलं. माझं मत पालटलं ते आक्कांच्या ताकामुळं.

आक्कांचं दही आळीत प्रसिद्ध होतं. सुरीनं कापावं असं. जिला तिला त्यांचं विरजण हवं असे, आणि नेणारी प्रत्येक जण महिन्याभरात तक्रार घेऊन येई की आक्का, तुमच्यासारखं लागत नाही हो. त्या दिवशी शेजारच्या काकू अशाच आल्या होत्या. आक्का म्हणाल्या, "अगं, पहिल्या दिवशी ते माझं असतं. मग तुझं दूध, तुझं भांडं, तुझ्या घरची ऊब. ज्या घरी जातं त्या घरचं होतं ते. मला कशाला नावं ठेवतेस?"

ओसरीवर बसलेले घरमालक मला हळूच म्हणाले, "ऐकलंत? प्रयोगशाळेत मला जे सांगता सांगता दमायला झालं, ते ही दोन वाक्यांत सांगते. विषाणूचंही असंच. माणसाच्या घशातून काढून अंड्यात घातला की तो अवघडतो. त्या अंड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. हळूहळू अंड्यांच्या घरचा होतो." असं बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला एकदम त्यांचं वाईट वाटलं. इतकं कळणारा माणूस, आणि ऐकायला कोण? एक आक्का, एक मी आणि एक कोंबडा.

सत्तावन्न साली ती फ्लूची मोठी साथ आली. वर्तमानपत्रात बंदराच्या, बोटींच्या बातम्या यायला लागल्या तसे घरमालक येरझाऱ्या घालायला लागले. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला मामाकडे होते. शाळा उघडायच्या आधी परत आले ती अंगात ताप घेऊनच. हाडं कुणीतरी मुसळानं कांडतंय असं वाटत होतं. डोळे उघडले तर समोर पेला.

"गुळणी करा बाई."

"मी मरतेय हो," मी म्हटलं.

"आधी गुळणी, मग काय ते."

आक्कांनी त्यांना हाकलून दिलं, पण गुळणी घेऊनच ते गेले. पनवेलातला या साथीचा बहुधा पहिला ताप माझा होता, आणि तो त्यांच्या हाती ताजा ताजा लागला होता. दिवाळी असल्यासारखे ते घरभर फिरत होते. आक्कांनी माझी शुश्रूषा केली आणि त्यांचं नुसतं नाक वाहण्यावर भागलं. मी उठले तेव्हा घरमालक ऐन उकाड्यात शाल पांघरून बसलेले दिसले. कपाळ तापलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "श्रमाचा ताप आहे. जागरणं फार झाली. फ्लू म्हणजे काय रस्त्यात पडलाय?" दोन दिवसांत शाल उतरली आणि सगळे ते विसरून गेले.

मी अंड्यांत गेले ती अशी. पहिल्या खेपेला बाई कुठं दिसल्याच नाहीत. अंड्यात पिलाभोवती एक आतली पिशवी असते आणि तिच्या बाहेर दुसरी. माणसाच्या घशातला विषाणू आधी फक्त आतल्या पिशवीत कसाबसा तग धरतो. दोन-तीन अंडी फिरल्यावर बाई तिथं रुळल्या. मग एके दिवशी बाहेरच्या पिशवीतही वाढू लागल्या. "बाईंनी पथारी पसरली!" ही बातमी घरमालकांनी थेट रस्त्यावरून ओरडत दिली. त्या दिवसापासून मी आळीत मान वर करून चालले नाही.

ज्या अंड्यात विषाणू सगळ्यात जास्त वाढेल, त्यातलाच थेंब ते पुढच्या अंड्यात घालत. हे साहजिकच होतं. चांगलं लागलेल्या दह्यातूनच आपणही विरजण काढतो. बेत असा होता की अंड्यांत फिरवून फिरवून त्याला मवाळ करायचा, त्याचे दात पाडायचे. मग तो नाकात घातला तर माणूस आजारी पडणार नाही, पण अंगाला त्याची ओळख होईल आणि खरा आला की अंग त्याला दारातूनच परत पाठवील.

एका सकाळी त्यांनी तो स्वतःच्या नाकात घातला. आक्कांनी देव पाण्यात ठेवायचं तेवढं बाकी होतं. काही झालं नाही. साधी शिंक नाही. तोवर पनवेलात घरटी एक माणूस अंथरुणावर होता. घरमालक मुद्दाम त्या घरांतून जाऊन आजाऱ्यांच्या उशाशी बसले, त्यांचं खोकणं अंगावर घेतलं. तरी काही नाही. घरी आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"आक्का, जमलं," एवढंच म्हणाले.

आक्कांनी ते थेंब घ्यायला साफ नकार दिला. "तुझ्या कोंबड्यांचं पाणी माझ्या नाकात? मेले तरी चालेल." मला ताप होऊनच गेला होता. हिराबाईनं मात्र टोपली उतरवली, नाक वर केलं आणि म्हणाली, "घाला." मग म्हणाली, "माझे सोनीला पन द्या. कोन गावाला दिलीय ती. तिकरं सगला गाव तापानं पडलाय."

सोनी तिची एकुलती एक लेक, आणि तिला दिवस गेलेले होते, पहिलटकरीण. घरमालक घुटमळले. "पोटुशी आहे, हिराबाई. थांबू या." हिराबाईनं पाय धरले. अशा बाईला हा ताप फार वाईट, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि आपल्याला काही झालं नाही हेही डोळ्यांसमोर होतं. बाजाराच्या दिवशी सोनी आईबरोबर आली. लाजरी, गोल चेहऱ्याची, पोट नुकतं दिसायला लागलेलं. ओसरीवर बसून तिनं थेंब घेतले आणि पदरानं नाक पुसलं. मी तिला लिंबाचं सरबत दिलेलं आठवतं.

काही आठवड्यांनी घरमालकांनी हिराबाईच्या दंडातून थोडं रक्त काढून घेतलं. पुरावा हवा होता. मुंबईच्या साहेबांना पाठवायचा होता, हे ते बोलले नाहीत तरी मला कळत होतं. खळगे असलेली एक काचेची ताटली असे त्यांच्याकडे. खळग्यात विषाणू आणि रावसाहेबांच्या रक्ताचा थेंब टाकला की विषाणू त्या रक्ताला धरून ठेवतो, आणि ते खळगाभर जाळीसारखं पसरतं. पण ज्याच्या अंगात तापाची ओळख तयार झालीय, त्याच्या रक्तातलं निवळ वरचं पाणी त्यात घातलं तर विषाणूचे हात बांधले जातात, आणि रक्त तळाशी जाऊन लाल ठिपका होतो. ठिपका म्हणजे माणूस सुरक्षित. एक ओळ त्यांनी स्वतःच्या रक्ताची लावली, दुसरी हिराबाईच्या.

रविवार होता, मी घरीच होते. "बाई, या बघायला," म्हणून त्यांनी मला हौसेनं बोलावलं. त्यांच्या ओळीत ठिपकेच ठिपके. हिराबाईच्या ओळीत एकही नाही.

त्यांनी ताटली धुऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच. "हिच्या रक्तातच काहीतरी दोष असला पाहिजे," ते पुटपुटले. आक्का परसदारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुला ताप येऊन गेला होता ना रे? बाई उठल्या आणि तू शाल घेऊन बसलास?"

"तो श्रमाचा होता, आक्का."

"श्रम कसले? अंडी तू घातलीस?"

मी हसले. घरमालक हसले नाहीत. ते ताटलीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. स्टुलावर बसले. म्हणाले, "मला तुमचाच झाला होता, बाई. खरा. थेंबांच्या आधीच. म्हणून मला काही झालं नाही. थेंबांनी काही केलंच नाही." मग ताटली बाजूला सारून, "जो अंड्यात जास्त वाढला तोच पुढं नेला. दर वेळी तोच निवडला. मी त्याचे दात पाडत बसलो नव्हतो, त्याला अंड्यांचा जावई करत होतो. माणसाच्या नाकात त्याला आता उभंसुद्धा राहता येत नाही. जगाला हेच सांगत आलो मी, आणि माझ्या हातानं..."

ते रडले असते तर बरं झालं असतं. आक्का उठून आल्या आणि सोवळं विसरून त्या खोलीतच त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात परसदारी टोपली उतरल्याचा आवाज आला. हिराबाई. आल्या आल्या बोलायला लागली, "भाऊ, तुमचे थेंब म्हंजे सोनं बघा. सोनीची सासू तापानं फनफनलीय. भातलावनीचं दिवस, समदी शेतावर. मी सांगून ठेवलं, माझे लेकीला काय व्हत नाय, तिनं नाकात दवा घेतलीय. तीच बसलीय सासूजवल, रातदिस."

आमच्या घरमालकांना मी इतक्या वर्षांत कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. त्या क्षणी त्यांनी तेही करून पाहिलं. "हिराबाई, सोनीच्या सासरी सांगा, पोटुशी बाईनं आजाऱ्याजवळ बसू नये. तिला विश्रांती हवी."

"पन तिला थेंब घातलेत ना तुमी?"

हिराबाई माझ्याकडे बघायला लागली, मग आक्कांकडे. एवढं म्हणून त्यांना सुटता आलं असतं: हो, घातलेत, पण तरी उठवा. कुणाला काही कळलं नसतं.

"ते थेंब वाया गेले, हिराबाई," ते म्हणाले. "त्यात काही नव्हतं. तुम्हालाही उपयोग नाही, तिलाही नाही. माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली."

"मंग मी गावभर बोलले त्याचं काय?" असं हिराबाईनं विचारलं.

"मी येतो सांगायला."

त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली. मी म्हटलं, "आणि अंडी?" म्हणाले, "असू देत." चप्पल घालताना त्यांच्या पायाला अंगठा सापडत नव्हता. मला ताप होऊन गेलेला, म्हणून मीही निघाले. टांगा केला. पावसानं रस्ता चिखलाचा झाला होता आणि टांगेवाला घोड्याला आणि रस्त्याला आळीपाळीनं शिव्या देत होता. हिराबाई हात जोडून बसली होती, कुणाला ते तिचं तिला ठाऊक.

कोनला सोनीच्या सासरी शिरलो तर काळोखात सोनी सासूचं डोकं मांडीवर घेऊन तिला वारा घालत होती. म्हातारी तापानं बरळत होती. सोनीचा नवरा शेतावरून येऊन नुकताच टेकला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. घरमालकांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, जे परसदारी सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. एकही शब्द त्यांनी गाळला नाही. शेजारपाजारची माणसं दाराशी जमली. कुणीतरी म्हणालं, "शिकल्यालं हायत आनि गरिबाचे पोरीवर खेल करतान." ते त्यांनी ऐकून घेतलं. मला मात्र त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तो खोटं बोलत नव्हता म्हणून आणखीच वाटली.

"उठ पोरी," घरमालक सोनीला म्हणाले. "आईबरोबर गव्हाणला जा. याच टांग्यानं."

"आन माझे आयजवल कोन बसंल?" नवरा उसळून म्हणाला. "आमी लावनी सोरून बसाचं? घरचं समदं शेतावर हायत."

"मी बसतो."

नवरा बघतच राहिला. "तुमी? तुमी बामन मानूस. आमचे घरात म्हावरा शिजतंय."

"मला तो ताप होऊन गेलाय. मला परत होत नाही," घरमालक म्हणाले. "माझ्या सगळ्या खटाटोपात एवढी एकच गोष्ट खरी निघालीय. ती तरी उपयोगी पडू दे." आणि छत्री कोपऱ्यात उभी करून ते त्या अंथरुणाशी जाऊन बसले, सोनीच्या हातातला पंखा घेतला.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे जिवाला घोर नको. सोनीला ताप आला नाही. तिला मुलगी झाली, धडधाकट. ताप का आला नाही, हे घरमालकांना कधीच सांगता आलं नाही, आणि कुणी त्यांच्या थेंबांना श्रेय द्यायला लागलं की ते चिडून उठून जात. अंडी कंदिलाअभावी गारठली. ते परत आले तेव्हा माझ्या नावाचा ताप पनवेलातून कायमचा गेला होता.

पण त्या आठवड्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गव्हाणहून रोज काय निरोप येतो याकडे त्यांचे कान असत, आणि ते उठत मात्र नव्हते. म्हातारीनंतर त्याच घरातला एक पोरगा पडला, त्याचंही त्यांनी केलं. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, घाण काढली, भाताची पेज भरवली. शाळा सुटल्यावर मी आक्कांनी दिलेला डबा घेऊन जात असे. एकदा गेले तर ते त्या घरच्यांच्या पंगतीत बसून तांदळाची भाकरी आणि मिरची खात होते, मधोमध माशाचं कालवण शिजत होतं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "आक्काला सांगू नका." मी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "पोटभर खाल्ली ना?"

म्हातारीचा ताप उतरला तेव्हा मी तिथं होते. शनिवारची, अर्ध्या शाळेनंतरची दुपार होती, पुरुष शेतावर गेलेले. तिनं डोळे उघडले, स्वच्छ होते. उशाशी बसलेल्या या परक्या, पांढरे खुंट वाढलेल्या माणसाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"तुमी कोन?" तिनं विचारलं.

मला वाटलं ते पनवेलचं काहीतरी सांगतील, हिराबाईच्या ओळखीचे म्हणतील. त्यांनी हातातला पंखा खाली ठेवला.

"तुमच्या सुनेला फसवं औषध दिलं, तो मी," ते म्हणाले.

म्हातारीनं घरभर नजर फिरवली. "ती कंय हाय?"

"आईकडे. आजवर तरी बरी आहे."

"मंग पानी द्या," म्हातारी म्हणाली.

त्यांनी एका हातानं तिची मान उचलून धरली आणि दुसऱ्या हातानं तांब्या तिच्या ओठांना लावला. निम्मं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं, आणि ती पीत राहिली.